नोंद होती, नजर नव्हती

मार्च २००९. मुंबईवरील हल्ल्याला जेमतेम चार महिने लोटले होते. १६६ जणांचा बळी घेणाऱ्या त्या साठ तासांच्या आठवणीने शहर अद्याप दचकून उठत होते. नेमक्या अशा वेळी एक अमेरिकी नागरिक रीतसर पारपत्रावर, रीतसर व्हिसावर भारतात उतरला. दिल्लीतील नॅशनल डिफेन्स कॉलेज आणि निरनिराळ्या शहरांतील ज्यूंची छाबड हाउसेस यांची त्याने सावकाश टेहळणी केली आणि जसा आला तसाच तो निघूनही गेला. त्याचे नाव डेव्हिड कोलमन हेडली. सप्टेंबर २००६ ते जुलै २००८ या काळात हाच मनुष्य पाच वेळा मुंबईत मुक्काम करून गेला होता. लष्कर-ए-तैयबाच्या मारेकऱ्यांना कोठे उतरायचे, कोठे शिरायचे हे समजावे म्हणून त्याने ताजच्या, छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या, समुद्रकिनाऱ्याच्या चित्रफिती घेतल्या होत्या. एवढा घात करूनही तो सहाव्यांदा या देशात आला, आणि विमानतळावरील एकाही अधिकाऱ्याला त्याला एखादा जादा प्रश्न विचारण्याचे कारण सापडले नाही.

त्या अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. त्यांच्यापुढे असलेल्या कागदात वावगे काहीच नव्हते. हेडलीचे मूळ नाव दाऊद गिलानी. वडील पाकिस्तानातील प्रसिद्ध आकाशवाणी निवेदक, आई अमेरिकी. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याने फिलाडेल्फिया येथे कायदेशीर मार्गाने नाव बदलले, ते भारतात वावरताना आपण ना मुसलमान वाटावे ना पाकिस्तानी, याच हेतूने. तशी कबुलीच त्याने मार्च २०१० मध्ये अमेरिकी न्यायालयात दिली. बालमित्र तहव्वूर राणा याच्या शिकागोतील स्थलांतर-सल्ला कंपनीची शाखा मुंबईत उघडण्याचे निमित्त त्याने पुढे केले, ताडदेवला कचेरी थाटली आणि बहुवार प्रवेशाचा व्यवसाय-व्हिसा मिळवला. नवे नाव, नवे पारपत्र, अंगाखांद्याने गोरा, बोलण्यात अमेरिकी हेल. नाक्यावरचा मनुष्य आणखी काय पाहणार?

परंतु हेडली पकडला कसा गेला, हे पाहिले म्हणजे या प्रकरणाचे खरे मर्म ध्यानात येते. २००९ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांच्या हाती जो धागा लागला तो अगदीच तुटपुंजा होता. 'डेव्हिड' एवढे पहिले नाव, प्रवासाच्या मार्गाचा एक तुकडा आणि काही अंदाजी तारखा. अमेरिकेत डेव्हिड नावाची माणसे किती असतील याचा हिशेब कोणी करावा! तरीही तेथील सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभागाने विमान कंपन्यांकडून येणाऱ्या प्रवाशांच्या नोंदींशी हे तुकडे ताडून पाहिले आणि त्यातून नेमका हा एक डेव्हिड वेगळा काढला. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने पुढे आपल्या संसदेपुढे या प्रवासी नोंदींचे समर्थन करताना हेच उदाहरण दिले. ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर त्याला अटक झाली. ज्या प्रकारच्या नोंदीने तो सापडला, त्या प्रकारची नोंद तो मुंबईला येण्यासाठी तिकीट काढी तेव्हाही निर्माण होत होती. ती पाहणारा आपल्याकडे कोणी नव्हता.

ही नोंद म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. 'पीएनआर' हा शब्द रेल्वेच्या तिकिटामुळे मराठी घरांना परिचित आहे. विमान प्रवासातील 'पॅसेंजर नेम रेकॉर्ड' त्याच कुळातला, पण कितीतरी अधिक बोलका. तिकीट कोणी काढले, कधी काढले, कोणत्या दलालामार्फत, पैसे रोख दिले की कार्डाने, संपर्कासाठी कोणता दूरध्वनी दिला, सोबत कोण, सामान किती, परतीचे तिकीट आहे की नाही आणि मुख्य म्हणजे संपूर्ण प्रवासमार्ग कोणता, हे सारे त्यात येते. याखेरीज दुसरी एक माहिती असते, पारपत्राच्या यंत्रवाच्य पट्टीवरून घेतलेली. नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पारपत्र क्रमांक. ही दुसरी माहिती प्रवासी कोण आहे ते सांगते. पहिली तो कसा वागतो ते सांगते. नाव बदलून हेडलीने दुसऱ्या माहितीला चकवले. पहिलीला चकवणे त्याला जमले नसते, कारण त्याच्या येण्याजाण्याला एक ठरावीक वळण होते. मुंबईतील प्रत्येक लांब मुक्कामानंतर तो पाकिस्तानात जात असे आणि काढलेल्या चित्रफिती आपल्या सूत्रधारांच्या हवाली करी. स्थलांतर-सल्ल्याचा धंदा मुंबईत, मालक शिकागोत आणि हिशेब द्यायला जायचे ते मात्र लाहोरला, हे वळण एका पानावर मांडलेले कोणाच्या दृष्टीस पडले असते तर निदान भुवई तरी उंचावली असती.

त्या वेळी आपल्याकडे ते एका पानावर नव्हते. व्हिसाचा अर्ज शिकागोच्या वकिलातीत, म्हणजे परराष्ट्र खात्याच्या ताब्यात. आगमन-निर्गमनाच्या नोंदी गृहखात्याच्या इमिग्रेशन ब्युरोकडे. तो ज्या हॉटेलांत उतरे तेथून परदेशी पाहुण्याची माहिती देणारा 'सी फॉर्म' चोवीस तासांत नोंदणी अधिकाऱ्याकडे जाणे बंधनकारक. प्रवासमार्गाची साखळी विमान कंपनीच्या संगणकात. या चार कप्प्यांना चार कुलपे होती आणि एका कप्प्याच्या किल्लीने दुसरा उघडत नसे. अशी सामग्री एकत्र असती तर २६/११ टळले असते, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. दहा मारेकरी समुद्रमार्गे आले, त्यांची कोणतीही तिकिटे निघाली नव्हती. परंतु त्यांना वाट दाखवणारा डोळा मात्र तिकीट काढून, रांगेत उभा राहून, शिक्के घेऊन आला होता.

यात अमेरिकेचे वर्तनही विसरण्याजोगे नाही. हेडली हा त्यांच्याच अमली पदार्थविरोधी खात्याचा एके काळचा खबऱ्या. २००५ मध्ये आणि पुन्हा २००७-०८ मध्ये त्याच्या घरातल्याच माणसांनी त्याच्या दहशतवादी संबंधांविषयी अमेरिकी अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या होत्या, हे २०१० मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनीच उजेडात आणले. त्या तक्रारींमधून निश्चित असा निष्कर्ष काढण्याजोगे काही नव्हते, असा खुलासा तेथील सरकारने केला. असेलही. परंतु भारतीय तपास पथकाला हेडलीची चौकशी करण्यास मिळाली ती जून २०१० मध्ये, अटकेनंतर आठ महिन्यांनी. जगभरच्या विमान कंपन्यांकडून प्रवाशांची कुंडली मागणारा देश स्वतःच्या घरची पत्रिका दाखवताना किती संकोचतो, याचा तो धडा होता. दहशतवाद्यांसंबंधीची माहिती परस्परांना देण्याचा करार उभय देशांत झाला तो पुढे जून २०१६ मध्ये.

प्रवाशाची नोंद ठेवणे ही पाश्चात्त्यांनी शिकवलेली गोष्ट आहे, असा एक समज सुशिक्षितांत आहे. त्यांनी कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडून पाहावे. त्यातील दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. जनपदात येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने त्याच्याकडून एक माष देऊन मुद्रा घ्यावी, विवीताध्यक्षाने वाटेत ती तपासावी, मुद्रेवाचून फिरणाऱ्याला दंड, खोटी मुद्रा बाळगणाऱ्याला त्याहून मोठा दंड आणि परमुलखातील मनुष्याने तसे केल्यास सर्वांत कठोर दंड, असा तो क्रम आहे. नगराच्या व्यवस्थेत तर धर्मशाळेच्या चालकाने वाटसरूला ठेवून घेण्यापूर्वी गोप नावाच्या अधिकाऱ्यास कळवावे, असेही म्हटले आहे. आजचा 'सी फॉर्म' याहून निराळा तो काय? ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की कौटिल्याने प्रत्येक नोंदीला एकेक नावाजोगा अधिकारी नेमून दिला आणि त्या अधिकाऱ्यांच्या अपहाराचे प्रकारही त्याच ग्रंथात सांगून ठेवले. नोंद ठेवणारा माणूसही मोहाला बळी पडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

याचा प्रत्यय महाराष्ट्राने १९९३ मध्ये घेतला. मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठी लागलेले आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरले, तेव्हा सीमाशुल्क खात्याचे आणि पोलीस दलाचे काही जण लाच घेऊन डोळे मिटून बसले होते. पुढे न्यायालयाने त्यांना शिक्षा ठोठावल्या. त्याच कटातील तरुण प्रशिक्षणासाठी दुबईमार्गे पाकिस्तानात नेले गेले. इस्लामाबादच्या विमानतळावर त्यांच्या पारपत्रांवर शिक्काच मारला गेला नाही. पारपत्र पाहावे तर गडी दुबईला जाऊन आलेला, बस्स. शत्रुराष्ट्राच्या यंत्रणेने न मारलेला शिक्का आपल्या अधिकाऱ्याला कसा दिसावा? विमान कंपन्यांच्या नोंदीचे मोल येथे कळते. ती परकीय अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसते.

माहिती असूनही ती योग्य ठिकाणी न पोहोचल्याने अनर्थ झाल्याची उदाहरणे प्रगत देशांतही थोडी नाहीत. ११ सप्टेंबर २००१ च्या विमान अपहरणकर्त्यांपैकी दोघांवर, नवाफ अल-हाझमी आणि खालिद अल-मिहधार यांच्यावर, अमेरिकी गुप्तचर संस्थेची नजर जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूर येथील बैठकीपासून होती. त्यानंतर ते अमेरिकेत शिरले, राहिले, त्यांपैकी एक परत जाऊन पुन्हा आला. परंतु प्रवेश रोखण्याच्या यादीत त्यांची नावे चढली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. पॅरिसवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ नोव्हेंबर २०१५ रोजी, सालाह अब्देसलाम याची मोटार फ्रेंच पोलिसांनी बेल्जियमच्या सीमेजवळ कांब्रे येथे अडवली, कागद पाहिले आणि सोडून दिली. तो हल्ल्यातील संशयित आहे हे त्या पोलिसांपर्यंत तोवर पोहोचलेच नव्हते.

अमेरिकेने नोव्हेंबर २००१ मध्येच कायदा करून विमान कंपन्यांकडून प्रवाशांच्या नोंदी मागण्यास प्रारंभ केला. युरोपने त्यावर नाके मुरडली. २००४ चा करार युरोपीय न्यायालयाने ३० मे २००६ रोजी अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द ठरवला, मग नव्याने बोलणी झाली. पॅरिस आणि ब्रुसेल्स येथे रक्त सांडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये त्याच युरोपने स्वतःसाठी तसाच नियम करून घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २३९६ संमत करून सर्व सदस्य राष्ट्रांवर अशा नोंदी घेण्याची, वापरण्याची क्षमता उभी करण्याचे बंधन घातले.

आणि भारताने काय केले? हेडलीचे नाव उघड झाल्यावर सरकारने प्रथम जे केले ते पाहिले म्हणजे हसावे की रडावे कळत नाही. पर्यटन-व्हिसावर येणाऱ्या परदेशी पाहुण्याने दोन भेटींच्या दरम्यान दोन महिन्यांचे अंतर ठेवावे, असा नियम २००९ च्या अखेरीस निघाला. हेडली आला होता व्यवसाय-व्हिसावर! भारत पाहून नेपाळला चार दिवस जाऊन परतणारे निरुपद्रवी पर्यटक त्यात भरडले गेले आणि २०१२ मध्ये बहुतांश देशांपुरता तो नियम गुपचूप मागे घ्यावा लागला. निरनिराळ्या खात्यांकडील माहिती जोडणाऱ्या 'नॅटग्रिड'ची घोषणा तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी डिसेंबर २००९ मध्ये केली. तत्त्वतः मंजुरीला जून २०११ उजाडले आणि त्यानंतरही ती योजना वर्षानुवर्षे रेंगाळली. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची अधिसूचना फेब्रुवारी २०१२ मध्ये निघाली, तेव्हा राज्यांच्या अधिकारांवर आक्रमण होते म्हणून अनेक मुख्यमंत्री तिच्याविरुद्ध उभे राहिले. त्यांत ममता बॅनर्जी, नवीन पटनायक, जयललिता होत्या तसे गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदीही होते. अटकेचे आणि झडतीचे अधिकार थेट गुप्तचर खात्याखाली देण्याला असलेला त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. परंतु आक्षेप दूर करून मसुदा सुधारण्याऐवजी केंद्रच गुंडाळले गेले, ही वस्तुस्थिती आहे.

विमान प्रवाशांच्या नोंदींचा मार्ग मोकळा झाला तो २०१७ च्या वित्त विधेयकाद्वारे सीमाशुल्क कायद्यात नवी कलमे आल्यावर. त्या कलमांखालील नियम ८ ऑगस्ट २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात येणाऱ्या आणि भारतातून जाणाऱ्या प्रत्येक आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या प्रवाशांची माहिती कंपनीने चोवीस तास आधी सीमाशुल्क खात्याच्या राष्ट्रीय केंद्राकडे धाडायची आहे. न धाडल्यास प्रत्येक चुकीला २५ ते ५० हजार रुपये दंड. ही माहिती पाच वर्षे राहील, नंतर तिच्यातून व्यक्तीची ओळख पुसली जाईल. गरजेनुसार ती अन्य तपास यंत्रणांना आणि परदेशांनाही देता येईल. जोडीला, १९२०, १९३९ आणि १९४६ चे ब्रिटिशकालीन कायदे आणि २००० चा वाहतूकदारांच्या दायित्वाचा कायदा बाजूला सारून आलेला 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट' १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला असून इमिग्रेशन ब्युरोला त्याने वैधानिक अधिष्ठान दिले आहे. खोट्या पारपत्रावर प्रवेश करणाऱ्याला आता दोन ते सात वर्षांची कैद आहे. उशीर झाला हे खरे, पण ज्या कुलपांचा उल्लेख वर आला ती आता एकेक करून उघडत आहेत आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि स्वागत करून थांबणाऱ्यांनी माहेर अरार याचे प्रकरण एकदा वाचावे. हा सीरियात जन्मलेला कॅनेडियन अभियंता. सप्टेंबर २००२ मध्ये घरी परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला अडवण्यात आले आणि अमेरिकेने त्याला कॅनडाऐवजी सीरियात धाडले. तेथे दहा महिन्यांहून अधिक काळ त्याने बंदिवास आणि छळ सोसला. कॅनडाच्या चौकशी आयोगाने २००६ मध्ये निष्कर्ष काढला की त्याच्याविरुद्ध कसलाही पुरावा नव्हता. कॅनडाच्याच पोलीस दलाने अमेरिकेला चुकीची आणि बिनशर्त माहिती पुरवली होती. जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी त्याची क्षमा मागितली, एक कोटी पाच लाख कॅनेडियन डॉलर भरपाई दिली. हार्पर हे काही मानवाधिकारवाल्यांच्या कंपूतले नव्हते. सुरक्षेच्या बाबतीत कठोर म्हणूनच त्यांची ख्याती. चुकीची नोंद आपल्या दप्तरात असली तर आज ना उद्या खोडता येते. दुसऱ्या देशाच्या हाती गेली की तिच्यावर आपला ताबा उरत नाही, हे त्यांना पैसे मोजून शिकावे लागले.

येथे कोणी म्हणेल, असल्या चुका संशयास्पद लोकांच्याच वाट्याला येतात, सज्जनाने भिण्याचे कारण काय? २००४ मध्ये अमेरिकेचे सिनेटर एडवर्ड केनेडी यांना त्यांच्या नावाशी जुळणारे नाव संशयितांच्या यादीत असल्यामुळे विमानतळावर वारंवार अडवले गेले. यादीतून सुटण्यासाठी एवढ्या मोठ्या माणसाला अंतर्गत सुरक्षा खात्याच्या प्रमुखापर्यंत जावे लागले. आता ही गोष्ट आपल्या घरांत आणून पाहावी. मुलगा किंवा मुलगी परदेशी स्थायिक झाल्याने वर्षा-दोन वर्षांनी विमानात बसणारी आईवडील मंडळी पुण्या-ठाण्यात, नाशिक-नागपुरात गल्लोगल्ली आहेत. त्यांची नावे रोमन लिपीत कशी उमटतात? एकाच आडनावाची तीन स्पेलिंगे एकाच कुटुंबाच्या पारपत्रांत आढळतात. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे घालण्याची आपली पद्धत परदेशी संगणकाला कळत नाही; कधी ते पहिल्या नावाला चिकटते, कधी गळून पडते. विवाहानंतर आडनावच काय, पहिले नावही बदलण्याची चाल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होती. माहेरच्या नावाची शाळेची दाखलपत्रे आणि सासरच्या नावाचे पारपत्र अशा दोन ओळखी घेऊन वावरणाऱ्या आज्या अजून आहेत. हेडलीने नाव बदलले ते फसवण्यासाठी, आजींनी बदलले ते रीत म्हणून. नावापलीकडे न पाहणाऱ्या यंत्राला दोन्हींतला भेद कळत नाही. शिवाय एकाच नाव-आडनावाचे पाटील, जाधव, शिंदे एकेका जिल्ह्यात शेकड्यांनी सापडतील, ही गंमत निराळीच.

आपल्याकडे विमानतळावर माणूस अडवण्याचे जे प्रमुख साधन आहे ते म्हणजे 'लुकआउट सर्क्युलर'. हे साधन दीर्घ काळ गृहखात्याच्या कार्यालयीन ज्ञापनांवर चालत आले. २०१० चे ज्ञापन, त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या आणि २०२१ चे एकत्रित ज्ञापन. २०१८ मध्ये सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही कर्जबुडव्यांविरुद्ध असे परिपत्रक काढवून घेण्याचा अधिकार दिला गेला. ज्याच्याविरुद्ध ते निघते त्याला बहुधा ते विमानतळाच्या खिडकीवर उभे राहिल्यावरच कळते आणि २०२१ पासून तर ते ज्या खात्याने काढले त्याने मागे घेईपर्यंत आपोआप संपतही नाही. २३ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बँकप्रमुखांना दिलेला हा अधिकार रद्द ठरवला. परदेशी जाण्याचा नागरिकाचा अधिकार कार्यालयीन ज्ञापनाने हिरावून घेता येत नाही, त्याला कायदा लागतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कर्ज बुडवणाऱ्यांविषयी येथे कोणालाही कळवळा असण्याचे कारण नाही. परंतु देशाच्या वेशीवरील पहारेकरी बँकेच्या वसुलीच्या कामाला लावला, तर तो वेशीवर किती उरेल, हा प्रश्न सुरक्षेच्याच दृष्टीने विचारला पाहिजे.

याच साधनाची दुसरी बाजू विजय मल्ल्याच्या प्रकरणात दिसली. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याच्याविरुद्ध निघालेल्या परिपत्रकात त्याला रोखावे असे होते. पुढच्याच महिन्यात ते सौम्य करून केवळ प्रवासाची माहिती कळवावी, असे करण्यात आले. २ मार्च २०१६ रोजी तो दिल्लीहून लंडनला गेला. माहिती नियमाप्रमाणे कळवली गेली! पहिले परिपत्रक ही निर्णयातील चूक होती, असे केंद्रीय अन्वेषण विभागाने नंतर सांगितले. हेडलीच्या वेळी माहिती जुळवलीच गेली नव्हती. येथे ती जुळली होती, योग्य वेळी योग्य माणसाच्या पडद्यावर आली होती, आणि तरीही गडी निसटला, कारण 'रोखा' या शब्दाच्या जागी 'कळवा' हा शब्द कोणी, कोणत्या विचाराने घातला याचे तेथल्या तेथे उत्तर देण्यास कोणी बांधलेले नव्हते.

त्यामुळे प्रवाशांची माहिती खात्याखात्यांत वाटली जावी की नाही, हा वाद आता शिळा झाला आहे. ती वाटली गेलीच पाहिजे. पाहायचे ते हे की प्रत्येक नोंदीच्या मागे मुद्राध्यक्षासारखा एक जबाबदार अधिकारी आहे काय. २०२२ च्या नियमांत काही चांगल्या तरतुदी आहेत, त्या मान्य केल्या पाहिजेत. वंश, धर्म, राजकीय मत, आरोग्य अशा गोष्टी उघड करणाऱ्या माहितीच्या आधारे प्रवाशाची छाननी करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे; स्वतंत्र लेखापरीक्षणाचीही सोय आहे. मात्र सर्वच प्रवाशांची माहिती सरसकट पाच वर्षे ठेवण्याचा फेरविचार व्हावा. युरोपीय न्यायालयाने २१ जून २०२२ च्या निकालात, ज्यांच्याविरुद्ध कोणताही धागा नाही अशांची माहिती सहा महिन्यांपलीकडे ठेवण्यास मनाई केली. तेथील मुदत जशीच्या तशी उचलण्याची गरज नाही. आपला शेजार लक्झेंबर्गच्या न्यायमूर्तींना लाभलेला नाही. पण खंडीभर भुसा साठवला म्हणून दाणे वाढत नाहीत, हेही खरे.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. ज्याला चुकीने अडवले गेले त्याने अर्ज कोठे करावा, किती दिवसांत उत्तर मिळावे, आणि एका खात्याने केलेली दुरुस्ती ज्या ज्या खात्याला आणि देशाला मूळ नोंद गेली तेथवर पोहोचली याची खात्री कोणी करावी, हे विमानतळावरील फलकावर मराठीत आणि हिंदीत लिहिलेले असावे. अमेरिकेत केनेडी प्रकरणानंतर अशा तक्रारींसाठी स्वतंत्र खिडकी उघडली गेली आणि तेथील प्रवाशाला तक्रारीचा क्रमांक तिकिटासोबत नोंदवता येतो. आपल्याकडील पाटील-जाधवांना तशी सोय मिळाली तर अधिकाऱ्यांचाही वेळ वाचेल आणि तो खऱ्या हेडलीवर खर्च होईल.

आणि तिसरी गोष्ट, नोंद पाहणाऱ्याचीही नोंद. कोणत्या अधिकाऱ्याने कोणाची माहिती केव्हा आणि कशासाठी उघडली, हे यंत्रात कायम राहिले पाहिजे. १९९३ मध्ये किनाऱ्यावर डोळे मिटणारे अधिकारी होते. आज तशा वृत्तीच्या अधिकाऱ्याला किनाऱ्यावर जाण्याचीही गरज नाही, कोण पत्रकार, कोण उद्योजक, कोण विरोधी पक्षाचा पुढारी कोठे आणि कोणासोबत गेला हे त्याला खुर्चीत बसून विकता येईल. सत्ता आज ज्यांच्या हाती आहे त्यांच्याच हाती ती सदैव राहत नाही, आणीबाणी भोगलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील सतराव्या कलमाने सरकारला आपल्या यंत्रणांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा दिली आहे. नॅटग्रिड २०११ पासून माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर आहे. गुप्ततेची गरज मान्य करूनही, न्यायालय नाही, माहिती आयोग नाही, मग निदान संसदेने तरी पाहावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. गृहखात्याची संसदीय स्थायी समिती दर वर्षी अनुदानाच्या मागण्या तपासतेच. त्याच वेळी नॅटग्रिडचा आणि प्रवासी माहिती केंद्राचा लेखापरीक्षण अहवाल बंद दाराआड तिच्यापुढे ठेवता येईल, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज पडणार नाही.